ग्रंथालय, खेळ आणि नियमांची मालकी

ग्रंथालय ही गंभीर माणसांची जागा आणि खेळ हा रिकामटेकड्या पोरांचा उद्योग, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. आपल्या घरांत तर ती अधिकच घट्ट आहे. शिकून वर येणाऱ्या पहिल्या पिढीला खेळण्याची चैन परवडत नाही. पुस्तक हाती घ्यायचे ते परीक्षेसाठी, आणि ग्रंथालयात जायचे ते क्रमिक पुस्तक शिल्लक आहे का हे पाहण्यासाठी. म्हणून विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाच्या संग्रहावरून खेळ तयार करावेत आणि त्यांची स्पर्धा भरवावी, असे मी सहकाऱ्यांपुढे मांडले तेव्हा पहिली प्रतिक्रिया हसण्याची होती. त्या हसण्याला उत्तर म्हणून हा लेख लिहिलेला नाही. या कल्पनेत आपल्या सांस्कृतिक लढ्याशी निगडित असा एक प्रश्न आहे आणि तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. तो प्रश्न असा की, खेळाचे नियम कोण करतो आणि ते कोणाला बदलता येतात?

अशी स्पर्धा प्रत्यक्षात झालेली आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने २०१३ साली ‘ऑफ द मॅप’ या नावाने ती सुरू केली. नॉटिंगहॅमचा गेमसिटी हा खेळांचा महोत्सव आणि क्रायटेक ही संगणकावरचे खेळ बनवणारी कंपनी तिच्या सोबत होती. पद्धत साधी होती. ग्रंथालयाने आपल्या संग्रहातले जुने नकाशे, चित्रे आणि आराखडे निवडून विद्यापीठांतील विद्यार्थ्यांपुढे ठेवले आणि त्यांच्या आधारे, संगणकाच्या पडद्यावर आत शिरून फिरता येईल असे एक जग उभे करायला सांगितले. पहिल्या वर्षी गिझाचे पिरॅमिड, स्टोनहेंजची शिळावर्तुळे आणि लंडनचा टॉवर असे विषय होते. लेस्टर येथील डी माँटफर्ट विद्यापीठातल्या दुसऱ्या वर्षाच्या सहा विद्यार्थ्यांनी सतराव्या शतकातले, म्हणजे १६६६ च्या आगीपूर्वीचे लंडन उभे केले आणि पहिला क्रमांक मिळवला. ज्या गल्लीतून ती आग पसरली त्या पुडिंग लेनचेच नाव त्यांनी आपल्या गटाला दिले होते. पुढे २०१४ साली गूढ-भयकथांचे गॉथिक साहित्य, २०१५ साली ‘ॲलिस’च्या गोष्टीला दीडशे वर्षे झाली म्हणून ती गोष्ट, आणि २०१६ साली शेक्सपिअरच्या मृत्यूला चारशे वर्षे झाली म्हणून त्याचे नाटक, असे विषय दिले गेले.

या सर्व खटाटोपातून विद्यार्थ्याला काय मिळाले? परीक्षेसाठी वाचणारा मुलगा पानावरचे वाक्य उचलतो आणि उत्तरपत्रिकेत ठेवतो. खेळ करणाऱ्याला तसे करता येत नाही. गल्ली उभी करायची तर ती किती रुंद होती, घराचा दरवाजा कोणत्या बाजूला उघडत होता, पाणी कुठून येत होते, रात्री उजेड कशाचा होता, हे त्याला विचारावेच लागते. नकाशात उत्तर नसेल तर तो चित्र पाहतो. चित्रात नसेल तर हिशेबाची वही काढतो. मूळ कागदाला प्रश्न विचारण्याची ही सवय आपल्या महाविद्यालयांत पदव्युत्तर वर्गापर्यंत सहसा लागत नाही. ती खेळाच्या निमित्ताने लागत असेल, तर खेळाला हसण्याचे कारण नाही.

ब्रिटिश लायब्ररीचे नाव आपल्याला परके वाटण्याचेही कारण नाही. १९७३ साली ती स्थापन झाली तेव्हा ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय तिच्यात सामील झाले आणि १९८२ साली इंडिया ऑफिसचे ग्रंथालयही तिच्याकडे आले. १९२० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले, तेव्हा ज्या ग्रंथालयांत ते दिवसच्या दिवस वाचत बसले त्यांत ही दोन्ही होती. १९२३ साली प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ त्याच बैठकीचे फळ आहे. पुढे मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले तेही ग्रंथांना घर हवे म्हणून. ग्रंथालयात बसून नियम वाचायचे, त्यांचे मूळ शोधायचे आणि बाहेर येऊन ते नियम बदलायचे, ही वाट आपल्याला त्यांनी दाखवली. विद्यार्थ्यांच्या हातून असे खेळ करवून घेणे ही मला त्याच वाटेवरची एक लहानशी पायरी वाटते.

परंतु या स्पर्धेच्या मुळाशी एक अट आहे आणि तिच्याकडे आपण बारकाईने पाहिले पाहिजे. खेळाची सामग्री संग्रहातून घ्यायची, ही ती अट. याचा अर्थ, जे संग्रहात नाही ते खेळातही येणार नाही. मग संग्रहात कोण आहे? इंग्रजी राज्यात १८६७ साली छापखाने आणि पुस्तकांची नोंदणी यांविषयी कायदा झाला. मुंबई इलाख्यात छापल्या जाणाऱ्या पुस्तकांची सरकारदरबारी नोंद होऊ लागली आणि त्यांतली कित्येक पुस्तके लंडनच्या इंडिया ऑफिसपर्यंत पोचली. मराठीच्या अभ्यासकांना त्याचा आजही फायदा होतो. पण जे छापले गेले त्याचीच नोंद झाली. ज्यांना शतकानुशतके अक्षरच नाकारले गेले त्यांचे छापले काय जाणार आणि नोंदले काय जाणार? जात्यावर गायलेले, तमाशाच्या फडात उभे राहून म्हटलेले, वेशीबाहेर सोसलेले त्या यादीत आले नाही. आणि जिथे आमची नोंद सापडते तिथे ती बहुधा दुसऱ्याने केलेली असते. गॅझेटियरमध्ये आम्ही आहोत, पण ‘जाती व व्यवसाय’ या प्रकरणात. दप्तरांत आम्ही आहोत, पण वेठीच्या आणि वतनाच्या हिशेबात.

एवढ्यावरून संग्रह टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. उलट, खेळ करायला बसले म्हणजे संग्रहातला हा पक्षपात उघडा पडतो, असा माझा मुद्दा आहे. त्यासाठी सर्वांच्या ओळखीच्या दोन खेळांचे उदाहरण घेऊ.

पहिला खेळ सापशिडी. आज तो मुलांचा खेळ आहे; पूर्वी तो मोक्षपट होता. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. जुन्या पटांच्या घरांत आकड्यांबरोबर काम, क्रोध, लोभ, दया, भक्ती अशी नावे लिहिलेली असत. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाई, दुर्गुणाच्या घरातून साप खाली नेई आणि सर्वांत वर वैकुंठ किंवा मोक्ष असे. हेन्री डंडास रॉबर्टसन या इंग्रज अधिकाऱ्याने असा एक वैष्णव पट १८३१ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला दिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडात मुलांसाठी विकला जाऊ लागला आणि पुढे छापील पुठ्ठ्यावर आपल्याकडे परत आला.

आता या पटाचे नियम पाहा. खेळणाऱ्याला निर्णय कोणताच घ्यायचा नसतो. दान पडेल तेवढी घरे चालायचे. शिडी आली तर चढायचे, साप आला तर उतरायचे. उतरलो तर ते आपलेच पाप. साप तिथे कोणी काढला, हे विचारण्याची सोय पटावर नाही. शिवाय या पटावर सगळ्यांच्या सोंगट्या एकाच घरातून सुटतात. प्रत्यक्षात या देशात सोंगटी कोणत्या घरात ठेवायची हे जन्माने ठरत आले आणि काहींना तर पटावरच घेतले गेले नाही. कर्मविपाकाचा सिद्धान्त पोथीतून सांगितला तर त्याच्याशी वाद घालता येतो. खेळातून तो हाताच्या सवयीत उतरतो आणि मग वाद घालायचे सुचत नाही.

दुसरा खेळ ‘व्यापार’. दिवाळीच्या सुटीत ज्यांच्या घरी तो होता त्यांच्याकडे आम्ही तो पाहिला. त्याचे मूळ अमेरिकेत आहे. एलिझाबेथ मॅगी या बाईने १९०४ साली ‘लँडलॉर्ड्स गेम’, म्हणजे जमीनमालकाचा खेळ, या नावाने एका खेळाचे पेटंट घेतले. ती हेन्री जॉर्ज या अर्थविचारवंताची अनुयायी होती. जमिनीवरच्या मक्तेदारीने मूठभर श्रीमंत आणि बाकीचे कंगाल कसे होतात, हे लोकांना खेळता खेळता कळावे असा तिचा हेतू होता. तिने या खेळाला दोन नियमावल्या दिल्या. एकीत एकजण सर्वांना बुडवून जिंकतो. दुसरीत संपत्ती वाढली की तिचा लाभ सर्वांना होतो. पट तोच, सोंगट्या त्याच, पण नियम बदलला की समाज बदलतो हे तिला दाखवायचे होते. पुढे १९३५ साली पार्कर ब्रदर्स या कंपनीने ‘मोनॉपोली’ हा खेळ बाजारात आणला, त्याचा जनक म्हणून चार्ल्स डॅरो या गृहस्थाचे नाव गाजवले आणि मॅगीचे पेटंट पाचशे डॉलरला विकत घेतले. तिचे नाव मागे पडले आणि सर्वांच्या लाभाची नियमावलीही गेली. राहिला तो दुसऱ्याला बुडवण्याचा आनंद. मक्तेदारीवर टीका करणारी वस्तू मक्तेदारीच्याच घशात कशी जाते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

ही दोन उदाहरणे मी वर्गात सांगितली आणि विद्यार्थ्यांना खेळ करायला बसवले. आमचे महाविद्यालय लहान आहे. विद्यार्थी येतात ते केडगाव आणि आसपासच्या वस्त्यांतून. (पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे केडगाव दौंडकडचे, आमचे केडगाव अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला लागून, पुणे रस्त्यावरचे, रेणुकामातेचे.) कोणाचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात, कोणाची आई कांदा निवडायला जाते, कोणाचे घर दिवाळीनंतर ऊसतोडीला निघते. लेस्टरच्या विद्यार्थ्यांच्या हाती होते तसले संगणक आमच्याकडे नाहीत. आम्ही पुठ्ठा घेतला, फाशांऐवजी फोडलेले चिंचोके घेतले आणि सोंगट्यांसाठी बांगड्यांच्या काचा. अष्टाचंग आणि वाघबकरी खेळलेल्या मुलांना यापेक्षा अधिक काही लागत नाही. अटी तीन घातल्या. पटावरचे प्रत्येक घर ग्रंथालयातल्या कोणत्या पानावरून आले ते दाखवायचे. प्रत्येक नियम का केला ते सांगायचे. आणि खेळ दुसऱ्या गटाला खेळायला देऊन स्वतः गप्प बसायचे.

एका गटाने महाडचे चवदार तळे घेतले. बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे शासनाने १९७९ पासून काढलेले खंड आमच्या कपाटात आहेत. त्यांवरून त्यांनी तारखा काढल्या. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याविषयी बोले यांचा ठराव झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले. मुलांनी इथे दोन शिड्या काढल्या. मग प्रश्न आला की शिडी मिळूनही तीन वर्षे कोणी पाण्यापर्यंत का गेले नाही? म्हणून त्यांनी शिड्या पेन्सिलीनेच ठेवल्या आणि नियम केला की, कागदी शिडी चढायला चार सोंगट्या एकाच घरात एकत्र आल्या पाहिजेत. २० मार्च १९२७ च्या घरात त्या एकत्र येतात आणि पाण्याला हात लागतो. पुढच्याच घरात मार आहे. त्यापुढच्या घरात तळ्याचे शुद्धीकरण आहे. ४ ऑगस्ट १९२७ च्या घरात नगरपालिका आपला ठराव मागे घेते, म्हणजे चढून झालेली शिडी पुसली जाते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागतो, तिथे खेळ संपतो.

या खेळात मुलांनी एक गोष्ट केली ती मला सुचली नसती. समोरच्या बाजूला त्यांनी सोंगट्याच दिल्या नाहीत. तिच्या हाती फक्त चिठ्ठ्या दिल्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक नवा नियम लिहिला. एक बाजू चालते आणि दुसरी बाजू न चालता नियम बदलते. सनातनी व्यवस्थेची इतकी नेमकी व्याख्या मी व्याख्यानात कधी करू शकलो नव्हतो. डिसेंबर १९२७ च्या घरावर तर वर्गात भांडणच जुंपले. परिषद भरण्याच्या तोंडावर न्यायालयाचा मनाईहुकूम आला. आता तळ्यावर जायचे की थांबायचे? तिथे चिंचोके टाकायचे नाहीत, खेळणाऱ्याने स्वतः ठरवायचे. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि न्यायालयात लढा दिला, हे मुलांनी परीक्षेसाठी एका ओळीत पाठ केले होते. ते घर खेळताना तो निर्णय किती जड होता, हे त्यांना प्रथम उमगले.

दुसऱ्या गटाने महारवतन घेतले. १९२८ साली बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक कायदेमंडळात आणले. १९३९ साली आपल्याच जिल्ह्यात हरेगावला वतनदारांची परिषद भरली आणि तिथे ते बोलले. या गटाचा नियम असा होता की, वतनदाराच्या सोंगटीला दान कितीही मोठे पडो, आधी ते गावकीला द्यायचे आणि उरले तर आपण चालायचे. अर्धा तास खेळूनही ती सोंगटी चौथ्या घरापुढे गेली नाही. खेळणारी मुले कंटाळली आणि उठू लागली. तेव्हा पट करणाऱ्यांपैकी एक मुलगी म्हणाली की, वतनदाराला उठून जायची मुभा नव्हती.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी तो मला स्पष्टपणे विचारला: आमच्या वेदनेचा तुम्ही खेळ करता काय? हा प्रश्न रास्त आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये जोतीराव फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाई या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली सुरू झाला तो याच नगरात. त्या निबंधात बाजीरावाच्या अमदानीची एक हकिकत आहे. तालीमखान्यासमोरून मांग किंवा महार गेला तर त्याच्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून गुलटेकडीच्या मैदानावर खेळ होत असे. आमच्या मुंडक्यांनी खेळले गेले हे ज्या समाजाच्या लेकीने लिहून ठेवले, त्या समाजाला ‘खेळ’ हा शब्द सहज गोड वाटणार नाही. हा निबंध मी वर्गात वाचला. त्यावर खेळ करण्याचा विचार एकाही गटाने केला नाही आणि मीही सुचवला नाही. काही पाने फक्त मोठ्याने वाचायची असतात.

पण त्या निबंधातूनच मला उत्तरही मिळते. गुलटेकडीच्या मैदानावर नियम करणारा एक होता आणि ज्याच्यावर तो चालवायचा तो दुसरा होता. खेळ या गोष्टीत नीच असे काही नव्हते. एका माणसाला नियम करण्याचा सर्व अधिकार आणि दुसऱ्याला चेंडू होण्याची सक्ती, यात ती नीचता होती. आमची मुले खेळ करतात तेव्हा नियम करण्याच्या जागी प्रथमच बसतात. दुःखाची करमणूक होऊ नये म्हणून मी एकच कसोटी लावतो: खेळून उठलेल्याला मजा आली की नियमाचा राग आला? राग आला आणि त्याने कपाटातले मूळ पुस्तक मागितले, तर खेळ साधला. महाडचा पट खेळल्यानंतर ‘बहिष्कृत भारत’चे अंक मागायला आठ मुले आली. आमच्या ग्रंथपालांच्या मते असे पूर्वी कधी झाले नव्हते.

मी विद्यार्थी असताना एका मोठ्या ग्रंथालयात काउंटरपलीकडे जाण्याची परवानगी मागितली होती. आडनाव विचारून मला बाकावर बसवले गेले आणि पुस्तकाचे नाव चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगितले. जे पुस्तक अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही त्याचे नाव चिठ्ठीवर कसे लिहायचे? पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी ही असते. घरात कोणी नावे सांगणारे नसते. त्याला कपाटापुढे उभे राहून चाळायला मिळाले पाहिजे, आणि चाळण्याला काही निमित्त हवे असते. अशी स्पर्धा ते निमित्त देते. तिला खर्च फारसा नाही. जिल्ह्यातल्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून वर्षातून एकदा ती भरवावी. प्रत्येक ग्रंथालयाने आपल्या कपाटातल्या दहा वस्तू निवडून टेबलावर उघड्या ठेवाव्यात. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात पोथ्या आणि मोडी कागद आहेत, पुण्यात विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय आहे; तिथे मुलांना एकेक दिवस न्यावे. परीक्षकांत एखादा ग्रंथपाल आणि एखादा शाळकरी मुलगा असावा.

आणि एक काम आपले, वाचकांचे आहे. पुढच्या वर्षी मुले कपाटापुढे उभी राहतील तेव्हा त्यांना त्यांच्या आजोबांच्या हस्ताक्षरातले काही सापडेल काय? आपल्या घरांत ट्रंकेच्या तळाशी परिषदांची हस्तपत्रके आहेत, आंबेडकरी जलशांच्या वह्या आहेत, वतनाचे कागद आहेत, बंद पडलेल्या नियतकालिकांचे सुटे अंक आहेत. वाळवी त्यांची वाट पाहत आहे. ते कागद जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नेऊन द्यावेत, पोच घ्यावी आणि दाखलनोंद वहीत देणाऱ्याचे नाव पूर्ण लिहिले गेले आहे ना, हे तिथेच उभे राहून पाहावे. माझ्या वडिलांनी जपलेली चार पत्रके मी गेल्या महिन्यात आमच्या ग्रंथालयात नोंदवली. त्यांना सही येत नव्हती. वहीत त्यांचे नाव मी लिहिले.